तंबाखू मुरते तेव्हा : विजापूरच्या दरबारापासून सोलापूरच्या सुपापर्यंत

माझी दादी विड्या वळायची. ब्रँचवरून पाने आणि तंबाखू घेऊन घरी आली की पाने भिजत घालण्याआधी ती तंबाखूची पुडी उघडायची आणि चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळून नाकाशी न्यायची. वास गोडसर, थोडा मातकट आला तर काही बोलायची नाही. वास नाकात झोंबला तर मात्र म्हणायची, "कच्ची है रे, गला पकडती." ती स्वतः कधी विडी ओढत नव्हती. ओढणारा ठसकेल की नाही, हे तिला वासावरून कळायचे. शिवाय त्या दिवशी तिला स्वतःलाही जास्त खोकला यायचा.

तंबाखू 'कच्ची' असते आणि 'मुरते', हे मला पहिल्यांदा तिच्याकडून कळले. पुढे सिगारविषयी वाचताना पुन्हा तेच भेटले. क्यूबातला एखादा शौकीन नवी सिगार पेटीत ठेवतो, दोन-चार वर्षे तिला हात लावत नाही आणि मग ती ओढून तिची तारीफ करतो. दादी आणि तो शौकीन एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. फरक एवढाच की थांबण्याचा फायदा त्याला मिळत होता. या लेखाचा विषय तो फरक आहे. पण त्याआधी मुरणे म्हणजे काय ते समजून घेऊ.

पानात काय घडते

मराठीत लोणचे मुरते, मुरंबा मुरतो आणि माणूसही धंद्यात मुरतो. आपल्या भाषेतले 'मुरंबा' आणि 'मुरब्बी' हे दोन्ही शब्द अरबीतून आले. दोन्हींच्या मुळाशी वाढवणे, जोपासणे हा अर्थ आहे. मुलांच्या बाबतीत आपण म्हणतो ती 'तरबियत'ही त्याच घरची. काळ आणि देखभाल मिळाली की वस्तू सुधारते, हा विश्वास या शब्दांत आहे. तंबाखूच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे.

शेतातून आलेले हिरवे पान ओढण्याजोगे नसतेच. ते आधी वाळवावे लागते. वाळताना पान लगेच मरत नाही. काही काळ त्याचा श्वास चालू असतो आणि त्यात पानातल्या पिठूळ पदार्थाची साखर होते, हिरवा रंग जाऊन पिवळा, मग तपकिरी येतो. पण वाळलेले पानही उग्रच असते. त्यात प्रथिने आणि नायट्रोजनयुक्त पदार्थ भरपूर असतात. ते जळाले की धूर तिखट होतो, डोळ्यांत आणि घशात जातो.

म्हणून पुढची पायरी ढिगाची. पाने थोडी ओलसर करून एकावर एक रचतात आणि झाकतात. ढिगाच्या पोटात उष्णता तयार होते. सिगारच्या पानांच्या मोठ्या ढिगात ती 50 अंश सेल्सियसच्या आसपास जाते. हात घातला तर चटका बसावा अशी. ढीग तसाच सोडला तर पान सडते किंवा करपते. म्हणून तो मोडून, आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत अशी उलटापालट करून पुन्हा रचतात. या काळात प्रथिने मोडतात आणि अमोनिया बाहेर पडतो. नवसागर चुन्यात घालून चोळला की जो वास येतो, तोच हा. वखारीत पाय टाकताच डोळ्यांत पाणी येते ते त्यामुळे.

अमोनिया पानात अडकून राहिला तर धूर अल्कधर्मी होतो, त्यातले निकोटीन सुटे होते आणि घशाला एकदम झोंबते. दादीच्या भाषेत, गळा पकडते. अमोनिया उडून गेला, निकोटीन थोडे उतरले, तुरटपणा कमी झाला की तोच धूर मऊ लागतो. सिगार वळल्यानंतरही ही क्रिया थोडी चालू राहते, कारण वळताना पान पुन्हा ओले करावे लागते. म्हणून नव्या सिगारला काही महिने अमोनियाचा वास येतो. जाणकार ती एक तर वळल्या वळल्या ओढतात, नाहीतर सरळ बाजूला ठेवतात. देवदारासारख्या वासाच्या लाकडी पेटीत, 65 ते 70 टक्के आर्द्रतेत, फार गरम नाही आणि फार थंड नाही अशा जागी ती वर्षानुवर्षे पडून राहते. बाहेर काढली की लोक म्हणतात, काय सुरेख झाली आहे.

विडीच्या तंबाखूला एवढे लाड मिळत नाहीत. पण वाळवणे, ढीग घालणे, उलटणे आणि वखारीत ठेवणे हा मार्ग तिचाही तोच.

हकीमसाहेबांची शंका

ही वनस्पती आपल्याकडची नाही. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. पोर्तुगीजांनी 1510 साली आदिलशाहीकडून गोवा घेतला. त्यानंतर या किनाऱ्यावरून जे नवे पदार्थ वर घाटावर चढले, त्यांत मिरची होती तशी तंबाखूही होती. आदिलशाहीची राजधानी विजापूर सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. चांदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्लाच निजामशाहीने आदिलशाहीला आंदण दिला होता, इतका या दोन शहरांचा संबंध जवळचा. उत्तर हिंदुस्थानातल्या बादशाही दरबारात तंबाखू पोहोचली ती याच विजापुरातून.

हा किस्सा असद बेग कझविनी या मोगल अधिकाऱ्याने स्वतः लिहून ठेवला आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या मुलीचे लग्न अकबराचा मुलगा दानियालशी ठरले होते. त्या कामासाठी असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरला आला. तिथे त्याला तंबाखू दिसली. आपल्या मुलखात अशी वस्तू पाहिली नव्हती, म्हणून त्याने ती सोबत घेतली. बादशहाला भेट द्यायची तर थाट हवा. त्याने रत्नजडित नळी तयार केली, तिला यमनी अकिकाचे मुखनळ बसवले, पेटवण्यासाठी सोन्याचे पात्र केले. आदिलशाहाने दिलेल्या पानाच्या बटव्यात तंबाखू भरली आणि सगळे चांदीच्या तबकात मांडून आग्र्याला नेले.

अकबराची नजर तबकावर गेली. हे काय, त्याने विचारले. खान-ए-आझम अझीझ कोका याने सांगितले की ही तंबाखू आहे, मक्का-मदिनेत सर्वांना ठाऊक आहे, बादशहांसाठी औषध म्हणून आणली आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. तेवढ्यात त्याचे हकीम पुढे आले आणि त्यांनी अडवले. आमच्या ग्रंथांत या पदार्थाविषयी काही नाही, जे पारखलेले नाही ते बादशहांनी का घ्यावे, असा त्यांचा मुद्दा. असद बेग वाद घालू लागला. फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, आणि जगातली प्रत्येक रीत कधी ना कधी नवीच होती. बादशहाला हा युक्तिवाद आवडला. पण स्वतः अकबराने तंबाखूची सवय लावून घेतली नाही. सवय लागली ती दरबाराला. असद बेगने बरीच तंबाखू आणली होती. ती त्याने उमरावांत वाटली, मग ज्याला त्याला हवी झाली, मग व्यापारी विकू लागले. 1617 साली जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली तेव्हा उशीर झाला होता. बंदी कागदावर राहिली.

शाळेत हा किस्सा वाचताना असद बेग हुशार वाटतो आणि हकीम जुनाट. आज वाचताना उलटे वाटते. हकीमसाहेब एवढेच म्हणत होते की तपासल्याशिवाय औषध म्हणू नका. औषध म्हणून आलेली ही वस्तू नीट तपासायला जगाला त्यानंतर साडेतीनशे वर्षे लागली.

खमीर आणि फतवा

दरबारात आलेली तंबाखू उग्र होती. तिला आपलेसे करण्यासाठी हिंदुस्थानी कारागिरांनी दोन गोष्टी केल्या. धूर पाण्यातून ओढला, म्हणजे हुक्का, आपली गुडगुडी. आणि तंबाखू आंबवली. कुटलेल्या पानात गूळ किंवा काकवी, मसाले, कधी फळांचा गर मिसळायचा, मडक्यात दाबून तोंड बंद करायचे आणि ते काही महिने जमिनीत पुरून ठेवायचे. या तंबाखूला 'खमीरा' म्हणतात. शब्द खमीरवरून आला, जे खमिरी रोटीत असते तेच. सिगारवाल्यांचा ढीग आणि आपल्याकडचे पुरलेले मडके यांचे काम एकच: उग्रपणा काळाच्या हवाली करायचा. जितके जुने मडके तितका मालाला भाव.

तंबाखू मऊ झाली तसा धर्माचा प्रश्न मात्र टोकदार झाला. कुराण आणि हदीसमध्ये तिचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. मग ती हलाल की मकरूह की हराम? सतराव्या शतकात इस्तंबूलपासून लखनौपर्यंत हा वाद चालला. उस्मानी सुलतान चौथा मुराद याने 1633 साली बंदी घातली आणि ती मोडणाऱ्यांना देहदंड दिले. लोक तरीही ओढत राहिले. तिथलाच विद्वान कातिब चलबी याने 1656 च्या आपल्या 'मीझानुल हक्क' या ग्रंथात या प्रकरणाचा थंड डोक्याने विचार केला. दमास्कसचे सूफी आलिम अब्दुल गनी नाबुलुसी यांनी तंबाखूच्या बाजूने लिहिले. आपल्याकडे फिरंगी महालचे मौलाना अब्दुल हई लखनवी (निधन 1886) यांनी धूम्रपानाच्या हुकमावर स्वतंत्र रिसाला लिहिला.

या सगळ्या चर्चेत एक धागा सारखा सापडतो. बहुतेक जण शेवटी विचारतात, हिच्यात नुकसान आहे काय? नशा आहे काय? पैशाची उधळण आहे काय? म्हणजे निकाल पदार्थाच्या नावावर नव्हता, त्याच्या परिणामावर होता. विसाव्या शतकात कर्करोगाचा पुरावा समोर आला तेव्हा अनेक उलेमांनी आपले मत कडक केले, तेही याच तत्त्वावर. आपल्या परंपरेत जुना निर्णय नव्या माहितीने बदलतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पण या चर्चेत एक माणूस कुठेच नाही. ओढणारा आहे, विकणारा आहे, वासाने त्रासलेला शेजारी नमाजी आहे. पान पिकवणारा आणि वळणारी बाई मात्र नाही. नुकसानीचा हिशेब ओढणाऱ्याच्या छातीपाशीच थांबला.

सिगार आणि विडी एका कायद्यात

इंग्रजांच्या काळात दक्षिणेत सिगार वळल्या जाऊ लागल्या. त्रिचिनापल्ली, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्लंडपर्यंत प्रसिद्ध होते. 'चिरूट' हा शब्दच तमिळमधल्या 'सुरुट्टु'वरून, म्हणजे गुंडाळलेले. विडी हे त्याचेच गरीब भावंड. विडा तशी विडी. आधी आपट्याच्या पानात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुख्यतः तेंदूच्या पानात वळलेली. सिगारमध्ये आत, बाहेर सगळीकडे तंबाखूचेच पान. विडीत तंबाखू साधारण पाव ग्रॅम किंवा त्याहूनही कमी, बाकी तेंदू आणि दोरा.

बाजारात या दोघींची गाठ कधी पडत नाही. पण संसदेने त्यांना एकत्र बसवले. 1966 चा कायदा 'विडी आणि सिगार कामगार (रोजगाराच्या शर्ती) कायदा' म्हणून ओळखला जातो. कारखान्यात बसणाऱ्यांबरोबरच घरी बसून वळणाऱ्या बायकाही कामगार आहेत, हे त्याने मान्य केले. कारखानदारांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. 1976 साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला.

मला या नावातली 'आणि' महत्त्वाची वाटते. सिगारवर लिहिलेल्या पुस्तकांत माती, पाऊस, पान, लाकडी पेटी, वर्ष या सगळ्यांचे वर्णन असते. वळणाऱ्या हातांचे असलेच तर त्यांच्या कौशल्याचे असते, मजुरीचे फार क्वचित. कायद्याने निदान हात मोजले.

थांबणे कोणाला परवडते

आता निपाणीकडे येऊ, कारण विडीची तंबाखू मुरते ती तिथे. बेळगाव जिल्ह्यातले, कोल्हापूरला लागून असलेले हे मराठी भाषकांचे गाव विडीच्या तंबाखूची मोठी पेठ आहे. भोवतालच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात रोपे लावतात. झाडाचा शेंडा खुडतात, फुटवे काढत राहतात, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. हिवाळ्यात पान पिकते, तोडतात, उन्हात वाळवतात. मग पान वखारीत जाते. तिथे ते कुटून, चाळून जर्दा वेगळा होतो, काडी वेगळी, भुकटी वेगळी. हे चाळण्याचे काम बायका करतात. वखारीच्या बंद हवेत, नाकाला पदर बांधून. अनिल अवचटांनी निपाणीच्या या बायकांवर लिहिले तेव्हा महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला त्यांची पहिल्यांदा ओळख झाली.

पान वखारीत पडून राहिले की सुधारते, हे शेतकऱ्यालाही माहीत असते. मग तो स्वतः का ठेवत नाही? कारण त्याच्याकडे वखार नाही. उधारीवर खत घेतलेले असते, उचल घेतलेली असते, घरात लग्न असते. माल हाती आला की विकावा लागतो, आणि सगळ्यांना एकदमच विकावा लागतो, म्हणून भाव पडतो. व्यापारी थांबू शकतो. तो थांबतो तेव्हा त्याचा दुहेरी फायदा होतो. माल मुरतो आणि भाव चढतो.

म्हणजे तंबाखू मऊ करणारा काळ हवेसारखा फुकट नसतो. त्याला मालक असतो. जमीन शेतकऱ्याची, घाम मजुराचा, पण काळ वखारवाल्याचा. खमीऱ्याचे मडके पुरणारा, पेटीत सिगारा ठेवणारा शौकीन आणि निपाणीचा अडत्या हे तिघे एका बाबतीत सारखे आहेत: आज पैसे हाती आले नाहीत तरी त्यांची चूल पेटते. सब्र आपल्याकडे मोठा गुण मानला जातो, आणि तो आहेच. पण पोट भरलेल्याचा सब्र आणि उपाशी माणसाचा सब्र यांना एकाच तराजूत घालणे बरोबर नाही. फिकहमध्ये 'इहतिकार', म्हणजे भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणे, याचा निषेध आहे. फकीहांनी तो मुख्यतः धान्याच्या बाबतीत चर्चिला. तरी त्यामागचा विचार स्पष्ट आहे. दुसऱ्याची निकड हे आपले भांडवल होऊ नये.

1981 साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी हाच प्रश्न रस्त्यावर आणला. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक मार्च महिन्यात पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. वखारीतल्या बायकांना संघटित करणारे सुभाष जोशी या लढ्यात होते. मागणी तंबाखूच्या भावाची होती. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मारले गेले. सुरेख मुरलेल्या तंबाखूच्या इतिहासात हा दिवसही धरायला हवा.

सुपातला काळ

वखारीतून निघालेला जर्दा सोलापुरात येतो. हे शहर आधी गिरण्यांचे. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथे स्थिरावले, गिरण्यांत आणि मागांवर पुरुष गेले, आणि त्यांच्या घरातल्या बायकांच्या हाती सूप आले. त्यांच्याबरोबर दलित आणि मुसलमान बायकाही या कामात आहेत. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तशी कित्येक घरांत विडी हीच मुख्य कमाई झाली. सिन्नर, कामठी, गोंदिया, अहमदनगर यांच्यासारखेच सोलापूरही राज्यातल्या विडीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. इथे तेलुगू, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषांत विडीच्या भावावर भांडण होते.

मजुरी हजार विड्यांवर ठरते. आता या हिशेबात काळ कसा बसतो ते पाहा. ब्रँचवर रांगेत उभे राहायचे. पाने आणायची, भिजवायची, कापडात गुंडाळून ठेवायची. पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची. मग तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचे, जुड्या बांधायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रँच. तिथे तपासणारा खराब म्हणून काही बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत. पान फाटके निघाले, कमी पडले, तर पदरचे घालायचे. यातला फक्त शेवटचा आकडा मजुरीत मोजला जातो. भिजवण्याचा, कापण्याचा, रांगेचा काळ कोणी मोजत नाही. वखारीत पान जेवढा वेळ पडून राहील तेवढी किंमत वाढते. सुपापाशी बाई जेवढा वेळ बसून राहील तेवढी तिची किंमत वाढत नाही. चाळीस वर्षे वळणारीला आणि चार वर्षे वळणारीला दर तोच. उलट म्हातारपणी बोटे मंदावली की हजारचे सातशे होतात. मुरलेल्या हाताला या धंद्यात जास्तीचा पैसा नाही.

आणि धूळ. तंबाखू फक्त ओढूनच अंगात जाते असे नाही. ती बोटांच्या कातडीतून जाते, श्वासातून जाते. दम लागणे, सततचा खोकला, डोकेदुखी, मळमळ, पाठ आणि मान धरणे, या तक्रारी विडी कामगारांच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. सूप घरातच असते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत तान्हे मूल झोपलेले.

सोलापूरच्या बायका मुकाट्याने बसल्या असेही नाही. इथली विडी कामगारांची चळवळ जुनी आणि चिवट आहे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीजवळ दहा हजार विडी कामगारांची घरे उभी राहिली. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली आणि त्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले गेले. घराची किल्ली बाईच्या हातात येणे ही छोटी गोष्ट नव्हती. पण घर नवे झाले तरी आत सूप तेच राहिले.

मऊ म्हणजे निर्धोक नव्हे

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. मुरल्याने तंबाखू चांगली होते का?

घशाला चांगली होते. शरीराला नाही. तंबाखूत कर्करोगाला कारण होणारी काही नायट्रोसअमाइन नावाची संयुगे असतात, आणि ती ताज्या हिरव्या पानात जवळपास नसतात. ती तयार होतात पान वाळताना, आंबताना आणि साठवणीत. म्हणजे ज्या काळात उग्रपणा जातो त्याच काळात हे विष येते. त्यांपैकी दोन प्रमुख संयुगांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. जाळल्यावर होणारे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळेच. विडीत तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून ओढणारा वारंवार, खोल झुरके घेतो. म्हणून तिच्यातून मिळणारे निकोटीन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते, बहुधा जास्तच असते.

उग्र तंबाखू निदान इशारा देते. घसा धरते, ठसका आणते, माणूस ती बाजूला ठेवतो. मुरलेली तंबाखू तो इशाराच काढून टाकते. मऊ झालेला धूर छातीत खोल जातो आणि माणूस दुसरी पेटवतो. असद बेगच्या रत्नजडित नळीने, खमीऱ्याच्या मडक्याने आणि सिगारच्या लाकडी पेटीने शेवटी हेच केले. पारखल्याशिवाय देऊ नका म्हणणाऱ्या हकीमाचा आवाज त्यांनी दबवला.

मग हा धंदा उद्या बंद करावा का? सोपे उत्तर देणारे बहुतेक जण सुपापाशी बसलेले नसतात. पाकिटावरचे इशारे वाढले, ओढणारे कमी झाले, तर त्याचे स्वागतच करायला हवे. पण ज्या बाईने चाळीस वर्षे धूळ खाल्ली तिला दुसरे काम, उपचार आणि निवृत्तिवेतन न देता धंदा आटू देणे, म्हणजे नफ्याचे दिवस मालकाला देऊन तोट्याचे दिवस तिच्या अंगावर टाकणे. आपल्या मोहल्ल्यातल्या तकरिरींत सिगारेट, गुटखा हराम असल्याचे ठणकावून सांगितले जाते. ते बरोबरच आहे. त्याच मिंबरवरून विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीचा आणि तिच्या मुलीला त्या सुपापासून उठवण्याचा विषयही निघाला, तर नुकसानीचा हिशेब पूर्ण होईल.

दादीने विडी सोडली ती बोटे चालेनाशी झाली म्हणून. खोकला मात्र राहिला. शेवटच्या वर्षांत घरात तंबाखू आणायची नाही असे ठरले होते, तरी तिच्या लुगड्यांना तो वास होता. गोडसर, मातकट, नीट मुरलेल्या तंबाखूचा. तिला विचारले की म्हणायची, "तमाखू तो अच्छी हुई बेटा. मेरा सीना कच्चा रहा."